कॅरिबियन मुलांना मार्गदर्शन: 'जा' म्हणू की 'राहा' म्हणू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

मी मूळची सांगलीची, सध्या मुक्काम पोस्ट स्कारबरो, टोरंटो. इथेच एमएस केलं, आता पाणी शुद्धीकरणाच्या प्रकल्पांवर काम करते. आमच्या भागात जमैका, गयाना, त्रिनिदादहून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या काही निवृत्त शिक्षिका तिकडच्या मुलांसाठी मार्गदर्शनाचा उपक्रम चालवतात, आणि शेजारच्या बाईंनी मला त्यात ओढलं. शनिवारी सकाळी व्हिडिओवर बसायचं, मुलांचे अर्ज वाचायचे, मुलाखतीची तयारी करून घ्यायची, परदेशात शिकणं आणि राहणं प्रत्यक्षात कसं असतं ते सांगायचं.

सध्या माझ्याकडे दोघं आहेत. एक मुलगा जमैकाच्या सेंट एलिझाबेथ परगण्यातला. तिकडची केप परीक्षा (आपली बारावी समजा) चांगल्या श्रेणीत पास झालाय. त्याला ऑन्टारिओत (म्हणजे टोरंटो ज्या प्रांतात आहे तिथे) सिव्हिल करायचंय. त्याचे वडील दरवर्षी कॅनडाच्या हंगामी शेतमजूर योजनेवर इथे येतात, सफरचंदाच्या बागेत राबतात आणि हंगाम संपला की परत जातात. ही योजना १९६६ पासून आहे आणि तिची सुरुवात जमैकाच्या मजुरांपासूनच झाली. वर्षात जास्तीत जास्त ८ महिने राहता येतं, बायकामुलांना सोबत आणता येत नाही. म्हणजे बापाचं अर्धंअधिक वर्ष ऑन्टारिओत जातं आणि पोराने ऑन्टारिओ पाहिलेलं नाही.

दुसरी मुलगी गयानातल्या बर्बीस भागातली, घरची भातशेती. जॉर्जटाउनला गयाना विद्यापीठात जावं, त्रिनिदादला जावं की इकडे यावं या घोळात आहे.

दोघंही फिरून फिरून एकच विचारतात, "मिस, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" मी त्या वयात काय केलं ते उघड आहे, विमानात बसले. पण म्हणून त्यांनाही तेच सांगायचं? आणि 'राहा' म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? असं काम कुणी केलं असेल तर लिहा.

चिंचपोकळी

पहिला! कॅरिबियन म्हटलं की मला फक्त ब्रायन लारा आठवतो, त्यामुळे कोपऱ्यात बसून वाचतो.

खवट_आजोबा

ताई, राग मानू नका, पण आपल्या जत-आटपाडीकडे हुशार पोरं कमी आहेत का? त्यांना इंग्रजीत अर्ज लिहायला कुणी नाही. आधी घरचं बघावं, मग जमैका.

कृष्णाकाठ

आजोबा, राग कसला. आटपाडीच्या एका शाळेतल्या मुलांशीही महिन्यातून एकदा बोलते, त्यावर धागा काढला नाही इतकंच. आणि मी गेली कित्येक वर्षं ज्या गल्लीत राहते तिथली ही माणसं आहेत. माझ्या बाळंतपणात आई व्हिसाअभावी येऊ शकली नाही, तेव्हा पहिला महिना घर याच शेजारणीने सांभाळलं. मग 'घरचं' कोणाला म्हणायचं?

खवट_आजोबा

बरं बरं. आटपाडीचं आधी सांगायचं होतं. चालू द्या.

दर्यावर्दी

मी १९९८ पासून त्रिनिदादमध्ये आहे. सेंट ऑगस्टिनला विद्यापीठाच्या फाटकापासून चालत पाच मिनिटांवर घर. बायको तिथे शिकवायची, मी बंदराच्या कामात होतो. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

या प्रश्नात एक गृहीत आहे, आणि ते मी भारतातून आणि कॅनडातून येणाऱ्या प्रत्येकाकडून ऐकतो. जाणं म्हणजे शिकणं आणि राहणं म्हणजे तडजोड. युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडीज १९४८ मध्ये जमैकाच्या मोनाला लंडन विद्यापीठाचं कॉलेज म्हणून सुरू झाली, १९६२ ला स्वतंत्र झाली. आमचा सेंट ऑगस्टिनचा परिसर १९६० चा, बार्बाडोसचा त्यानंतर तीन वर्षांनी आला, २०१९ ला अँटिग्वात आणखी एक निघाला. डझनाहून अधिक छोट्या देशांनी मिळून चालवलेलं हे एक विद्यापीठ आहे. स्वतःचं पूर्ण विद्यापीठ एकट्याने चालवणं बहुतेक बेटांच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून हा घाट घातला. डॉक्टर, इंजिनिअर, न्यायाधीश, पंतप्रधान इथूनच निघाले. तुमच्या सेंट एलिझाबेथच्या पोराला सिव्हिल करायचंय ना? किंग्स्टनला युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी आहे. त्याला कुणी सांगितलंय का?

दुसरं असं, की तिकडून माणसं जातात ती परत येत नाहीत. २००६ ला नाणेनिधीत प्राची मिश्रा यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅरिबियनमधल्या अनेक देशांनी बारावीपुढे शिकलेल्या आपल्या मनुष्यबळापैकी ७० टक्क्यांहून जास्त माणसं श्रीमंत देशांकडे घालवली, असं त्यात निघालं. १०० शिकवा, ७० घालवा! तुमच्या शनिवारच्या उपक्रमाचा हेतू चांगला आहे, पण तोही त्याच नळाची तोटी उघडतोय.

मुंबई_ते_मिसिसागा

काका, सगळे आकडे मान्य. पण २० वर्षांच्या पोराने देशाचं मनुष्यबळ वाचवायला घरी बसावं हे मला पटत नाही. तुम्ही स्वतः कुठल्या बंदरावरून कुठल्या बंदराला गेलात? (दिवे घ्या, म्हणजे गमतीत घ्या.)

दर्यावर्दी

घेतले दिवे. मी 'जाऊ नका' म्हणत नाही. दोन्ही दारं दाखवा म्हणतोय. आणि राहण्याचं दार कधीकधी चकटफू असतं. बार्बाडोसने २०१४ ला विद्यापीठाची फी लावली, प्रवेश धडाधड कमी झाले, २०१८ ला सरकार बदललं आणि फी पुन्हा माफ झाली. त्रिनिदादमध्ये सरकार फी भरतं, मात्र २०१७ पासून घरचं उत्पन्न बघून. गयाना विद्यापीठ २०२५ च्या जानेवारीपासून तिथल्या नागरिकांना मोफत आहे. बर्बीसच्या मुलीच्या वडिलांना हे नक्की माहीत असणार. टोरंटोतल्या मार्गदर्शकांना माहीत असतं का?

अवांतर: गयानाला हिंदुस्थानी मजूर १८३८ ला आले, त्रिनिदाद आणि जमैकाला १८४५ ला. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, कलकत्त्याहून जहाजात चढलेले. आपले लोक पहिल्याच भेटीत 'अरे, तुम्ही तर आपलेच' म्हणत त्यांच्या गळ्यात पडतात. ते पाच-सहा पिढ्यांचे गयानीज किंवा त्रिनी आहेत. तेवढं भान ठेवा.

स्लिपमध्ये_उभा

वेस्ट इंडीजचा धागा आणि १९७१ च्या क्रिकेट दौऱ्याचा उल्लेख नाही? शोभतं का? वाडेकरांचा संघ, गावसकरांच्या पहिल्याच मालिकेत ७७४ धावा आणि आपल्या गोव्याच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२. सरदेसाईंना लोक सोयीस्करपणे विसरतात.

आता मुद्द्यावर येतो. फ्रँक वॉरेल. डोक्याला चेंडू लागलेल्या आपल्या नरी कॉन्ट्रॅक्टरसाठी रक्त दिलं म्हणून आपल्याला माहीत, पण पुढचं ऐका. बार्बाडोसचा हा माणूस इंग्लंडात सेंट्रल लँकेशायर लीगमध्ये पैसे घेऊन खेळायचा आणि त्याच काळात मँचेस्टर विद्यापीठात शिकून पदवीधर झाला. परत गेल्यावर मोनाला, दर्यावर्दी म्हणतात त्याच विद्यापीठात, मुलांच्या वसतिगृहाचा वॉर्डन झाला. कसोटी संघाचा कर्णधार पोरांच्या वसतिगृहात! ४२ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. तेव्हा जाणं आणि परतणं एकाच माणसात बसू शकतं, ताई.

चिंचपोकळी

स्लिप, हे माहीत नव्हतं. लाराला सोडून वॉरेलच्या पक्षात प्रवेश करतोय.

उंडगी

लंडनच्या दक्षिण भागात माध्यमिक शाळेत शिकवते. वर्गात जमैकन घरांतली मुलं पुष्कळ, आता तिसरी-चौथी पिढी. मी दुसऱ्या टोकाकडून लिहिते.

जाणारा काय कमावतो हे सगळे मोजतात. त्याने मागे ठेवलेल्या मुलांचं काय होतं? जमैकात त्यांना 'बॅरल चिल्ड्रन' म्हणतात. आई लंडनला किंवा न्यूयॉर्कला, पोरं आजीकडे, आणि वर्षातून एक-दोनदा आईकडून भलामोठा पिंप येतो. माझ्या शाळेजवळच्या एका दुकानात ते रिकामे पिंप दारातच रचून ठेवलेले असतात. नाताळच्या आधी बायका ते भरताना दिसतात. तळाला तांदूळ, तेलाचे कॅन, डबाबंद मांस, मधल्या फटींत साबणाच्या वड्या आणि मोजे कोंबायचे, सगळ्यात वर बूट आणि कपडे, म्हणजे झाकण उघडताच मुलाला आपलं सामान दिसावं. बुटाचं माप फोनवर विचारलेलं असतं. पिंप जहाजाने पोहोचेपर्यंत पाय वाढलेला असतो, म्हणून अनुभवी आया एक नंबर मोठाच घेतात.

कृष्णाकाठ, तुझा तो मुलगा याच प्रकारातला आहे, फक्त त्याचा बाप दरवर्षी परत येतो. त्याला 'जा' म्हणशील तेव्हा घरातून बाहेर पडणारा तो दुसरा माणूस असेल. आई आणि धाकटी भावंडं आहेत का, त्यांचं काय, ते विचारलंस का?

मार्गदर्शनाबद्दल म्हणशील तर इथल्या कॅरिबियन समाजाने ते स्वतःच उभं केलं. साठच्या दशकात त्यांच्या मुलांना मतिमंदांच्या शाळांत ढकललं जात होतं. १९७१ ला बर्नार्ड कोर्ड या ग्रेनेडाच्या शिक्षकाने त्यावर पुस्तिका लिहिली आणि गदारोळ झाला. चर्चच्या तळघरांत, कुणाच्या दिवाणखान्यात शनिवारच्या शाळा भरू लागल्या. तुझा शनिवारसुद्धा त्याच परंपरेतला, हे तुझ्या त्या निवृत्त शिक्षिकांना विचार, त्यांना बरोबर ठाऊक असेल.

एचआरवाली_काकू

उंडगी, तो बुटाचा तपशील वाचून पुढे वाचवेना. असो, मी रुक्ष मुद्दे मांडते.

आमच्या कंपनीत किंग्स्टन आणि बार्बाडोसच्या ब्रिजटाउनहून उमेदवार येतात. मुलाखतीत ही मुलं फार अदबशीर. तिकडे दुकानात किंवा बसमध्ये शिरतानाही 'गुड मॉर्निंग' म्हणायची पद्धत आहे, न म्हणणारा उर्मट ठरतो. इथे कॅनडात थेट मुद्द्यावर येणारा मॅनेजर त्यांना उद्धट वाटतो आणि त्या मॅनेजरला ही मुलं बुजरी वाटतात. दोन्ही चूक. हे त्यांना आधी सांगून ठेवा.

आणि स्वतःबद्दल लिहायला लावा. "मी चर्चच्या बँडमध्ये होतो" एवढंच लिहितात. खोदून विचारलं की कळतं, बँडचा हिशेब, गाडीची व्यवस्था, ३० पोरांचे गणवेश असं सगळं हाच पठ्ठ्या बघत होता. आपल्या गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांचंही हेच. अनुभव डोंगराएवढा आणि कागदावर अर्धी ओळ.

मुठाकाठची

उलटा प्रवासही असतो म्हणून लिहिते. आयसीसीआरच्या (भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्तीवर कॅरिबियन मुलं भारतात शिकायला येतात, पुण्यातही. आमच्या वरच्या मजल्यावर दोघी मैत्रिणी भाड्याने राहायला आल्या होत्या. एक गयानाची, भारतीय वंशाची, दुसरी जमैकाची, आफ्रिकन वंशाची. मला काकू म्हणायच्या.

त्यांना घर मिळवून देताना मी माझ्याच शहराची लाज पाहिली. गयानाच्या मुलीला सगळे हिंदीतून बोलायचे, तिला ओ की ठो कळायचं नाही, तरी घर दाखवायचे. जमैकाची पुढे झाली की तोच मालक "भाचा येणार आहे राहायला" म्हणायचा. एका दुपारीत असे तीन भाचे निघाले! शेवटी आमच्याच सोसायटीत, मी जामीन राहिले तेव्हा जमलं. मग १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी, तिची कागदपत्रं, भाडेकरार, पोलीस पडताळणी. पोरींना अभ्यासात मदत लागली नाही, लागली ती या भानगडीत.

त्यामुळे ताई, माझं मत सांगू? 'जा की राहा' हे त्यांचं त्यांना ठरवू दे. आपण कागद बघावेत. कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो, कोण खोटं बोलतं, भाडेकरारात काय तपासायचं. जो तिथून गेलाय त्यालाच हे माहीत असतं.

दातांचा_डॉक्टर

कागदांवरून निघालंय तर आमच्या घरची कथा. मावसबहिणीची मुलगी नीटमध्ये कमी पडली. एजंटने कॅरिबियनमधलं एक खाजगी मेडिकल कॉलेज दाखवलं. निळा समुद्र, पांढरे कोट, 'पुढे थेट अमेरिका'. नाव लिहीत नाही. भारतात परतून प्रॅक्टिस करायची तर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि सगळं एकाच देशात व्हावं लागतं. या कॉलेजची पहिली वर्षं बेटावर आणि पुढची रुग्णालयं दुसऱ्याच देशात. एजंटला विचारलं तर "नियम बदलतील, काळजी करू नका." पैसे भरून झाल्यावर आम्हाला हे समजलं. पोरीने एक वर्षानंतर सोडलं, आता फिजिओथेरपी करतेय, बरी आहे.

दर्यावर्दी

डॉक्टर, यात एक लक्षात घ्या. तसली कॉलेजं आणि इथली विद्यापीठं या दोन वेगळ्या दुनिया आहेत. ती मुख्यतः अमेरिकन मुलांसाठी काढलेली. त्यांतली काही जुनी आणि नावाजलेलीही आहेत, ग्रेनेडातलं सत्तरच्या दशकापासून चालू आहे. पण स्थानिक मुलगा डॉक्टर व्हायचं म्हटलं की मोना किंवा सेंट ऑगस्टिनच धरतो. बेटावर कॉलेज आहे म्हणून ते बेटाचं कॉलेज नसतं.

हिशेबनीस

कुणी पैशांबद्दल बोलणार की नाही? कॅनडाने विद्यार्थी परवान्यासाठी दाखवायची रक्कम आधी १०,००० डॉलर होती ती २०२४ ला २०,६३५ केली, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून २२,८९५. हे एका माणसाचं, फी वेगळी. जमैकन डॉलरमध्ये २५ लाखांच्या वर. शिवाय परवान्यांवर मर्यादा घातलीय आणि पदवीला येणाऱ्याला प्रांताचं पत्र लागतं. सफरचंद तोडणारा बाप हे कुठून दाखवणार? आधी हा हिशेब त्या मुलासमोर ठेवा, निम्मी चर्चा आपोआप मिटेल.

कृष्णाकाठ

हिशेब मांडलाय आणि बापासमोरच मांडलाय. सांगते.

गेल्या सप्टेंबरात ऑन्टारिओतल्याच सिमकोजवळ त्यांना भेटायला गेले होते. शुक्रवारी संध्याकाळी शेतमालक बसने मजुरांना बाजाराला आणतो. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटलो. कामाचे बूट, पण अंगात इस्त्रीचा शर्ट, मुलाच्या 'मिस'ना भेटायचं म्हणून घातलेला असावा. मी लॅपटॉपवर खर्चाचा तक्ता दाखवला. त्यांनी रकमांकडे फारसं बघितलंच नाही. प्रत्येक रकमेच्या शेजारी बोट ठेवून "कुठल्या महिन्यात?" एवढंच विचारत गेले. प्रवेशाची अनामत मेमध्ये, म्हटल्यावर थांबले. म्हणाले, मेमध्ये माझ्या हातात काही नसतं, डिसेंबरात घरी नेलेलं तोवर संपलेलं असतं, पैसे जूननंतर साठतात. भावाचं घर ब्रॅम्प्टनला आहे, राहायची सोय तो करेल आणि खात्यात रक्कमही दाखवेल, पण मे जमणार नाही.

सोमवारी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला मेल टाकला. मुदत जुलैपर्यंत वाढवून मिळते, फक्त मागावी लागते. मुलगा स्वतःहून कधी मागणार नव्हता, नियम म्हणजे नियम असं त्याचं.

मग २८ ऑक्टोबरला मेलिसा वादळ आलं. पाचव्या श्रेणीचं, जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळलं. सेंट एलिझाबेथमधलं ब्लॅक रिव्हर गाव भुईसपाट झालं. बाप इथे बागेत, घर तिकडे, फोन लागत नाही. घरचे सुखरूप आहेत एवढं कळायलाच कित्येक दिवस गेले. छप्पर उडालं, परीक्षेची प्रमाणपत्रं भिजून लगदा झाली. ती परीक्षा मंडळाकडून पुन्हा काढता येतात, अर्ज केलाय. उंडगी, आई आहे, दोन धाकट्या बहिणी आहेत, सगळं विचारलंय. म्हणूनच तर धागा काढला.

उंडगी

अगं, हे पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलंस? आम्ही इथे वॉरेल आणि लारा करतोय.

स्लिपमध्ये_उभा

वॉरेलला मधे आणू नका. पोरगा सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं.

भीमाशंकर_एक्सप्रेस

उशिरा आलो, सगळं वाचलं. दोन गोष्टी.

सेंट लुशिया या बेटाची लोकसंख्या दोन लाखांच्याही आत आणि नोबेल दोन. अर्थशास्त्राचे आर्थर लुईस (१९७९) आणि साहित्याचे डेरेक वॉलकॉट (१९९२). गंमत म्हणजे दोघांचाही जन्म २३ जानेवारीचा. लुईसची शाळा १४ व्या वर्षीच आटोपली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला वय कमी, म्हणून सरकारी कचेरीत कारकुनी करत थांबला. त्याला व्हायचं होतं इंजिनिअर. पण काळ्या इंजिनिअरला ना सरकार नोकरी देणार होतं, ना साखरेचे मळेवाले. म्हणून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला वाणिज्य घेतलं. पुढे तो वेस्ट इंडीज विद्यापीठाचा कुलगुरू झाला. वॉलकॉट मात्र मोनालाच शिकला. एकाच बेटावरचा एक गेला, एक जवळच शिकला, आणि दोघांनीही पुढची बरीच वर्षं अमेरिकेत शिकवलं. मग काय निष्कर्ष काढणार? मला तरी काढता येत नाही.

दुसरं, लंडन स्कूलचं नाव निघालं की आपल्याला बाबासाहेब आठवणारच. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला कोलंबियाला गेले, बदल्यात संस्थानची नोकरी करायचा करार होता. १९१७ ला करार पाळायला बडोद्याला आले तर राहायला खोली मिळेना, सोडून जावं लागलं. 'शिकून परत या' म्हणणाऱ्यांनी परत येणाऱ्याला जागा ठेवलीय का, हेही विचारायला हवं. मुठाकाठची यांचे तीन भाचे वाचताना हेच आठवत होतं.

दर्यावर्दी

भीमाशंकर, हा टोला माझ्यासाठी आहे आणि तो बसला. इथेही सरकारी शिष्यवृत्ती घेऊन गेलेली मुलं करार पाळायला परत येतात आणि त्यांना जागाच नसते. शेजारचा मुलगा परदेशातून पदवी घेऊन आला आणि महिनोन्महिने सरकारी नेमणुकीची वाट बघत डबल्सच्या गाडीवर काकाला मदत करत होता. (डबल्स म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांत छोल्यांची उसळ. त्रिनिदादला येऊन हे न खाणाऱ्याचा व्हिसा रद्द करावा.)

चिंचपोकळी

शेवटी खाण्यावर आलाच धागा. कृती टाका काका.

हिशेबनीस

कृती नंतर. ताई, त्या दोघांचं पुढे काय झालं ते सांगा.

कृष्णाकाठ

मुलीचं ठरलं. गयाना विद्यापीठ, संगणकशास्त्र. मी काही म्हणायच्या आधीच तिने फॉर्म भरला होता. फी नाही, घर जवळ, आणि २०१९ च्या डिसेंबरपासून तिथे समुद्रातलं तेल निघायला लागल्यावर जॉर्जटाउनमध्ये कंपन्यांची रीघ आहे. आता तिला माझ्याकडून हवंय ते वेगळंच. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी अर्ज कसा लिहायचा आणि "मिस, पगार किती मागायचा?"

मुलगा यंदा येत नाही. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून घेतलाय, तसं लेखी पत्र मिळालंय. तोवर किंग्स्टनच्या त्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतही अर्ज करतोय, दर्यावर्दी काका, तुमचा प्रतिसाद वाचून मीच सुचवलं. सध्या बाप घरी आहे, दोघं मिळून छप्पर घालतायत. पत्रे मिळतात, खिळे मिळत नाहीत म्हणाला. यावेळी पोलादी पट्ट्यांनी वासे भिंतीला बांधतोय, कुठल्यातरी अभियंत्याचा व्हिडिओ बघून, आणि मला फोटो पाठवून विचारतो की अंतर बरोबर आहे का. मी पाण्याची इंजिनिअर, मला काय कळतंय! कुणी स्ट्रक्चरलवाले आहात का इथे?

मुंबई_ते_मिसिसागा

तेलाचे भाव पडले की गयानाचं काय होईल ते बघा. एका तेलावर करिअर ठरवणं धोक्याचं.

मुठाकाठची

संगणकशास्त्र शिकतेय हो ती, विहीर खणत नाहीये.

वासा_पोकळ

स्ट्रक्चरल, २२ वर्षं, कोकणातली वादळंही पाहिलीत. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडला छपरांचंच काम केलं. फोटोवरून सांगणं बरं नव्हे. पट्टीची जाडी, वाशाची मापं, पाख्याचा उतार आणि भिंत कसली आहे ते मागवून घ्या. पागोळीच्या कडेला आणि कोपऱ्यांपाशी वारा सगळ्यात जास्त उचलतो, तिथे पट्ट्या आणि स्क्रू दाट हवेत, मधल्या भागात थोडे विरळ चालतात. आणि खिळे मिळत नाहीत हे बरंच झालं. पत्र्याला साधे खिळे नकोतच, रबरी वायसरचे स्क्रू लावायला सांगा. मुलाशी थेट बोलायला तयार आहे. इंग्रजी माझं बेताचं, चालेल?

कृष्णाकाठ

चालेल काय, धावेल! शनिवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसात. थंडीत जमैकाची आणि टोरंटोची वेळ एकच असते, त्यांच्याकडे सकाळचे नऊ. लिंक निरोपातून पाठवते. फक्त सुरुवातीला 'गुड मॉर्निंग' म्हणायला विसरू नका, तुमच्याकडे संध्याकाळ असली तरी.

खवट_आजोबा

वासा_पोकळ, शनिवारचं झालं की आटपाडीच्या शाळेचंही छप्पर बघा. गेल्या वळवाने दोन वर्ग उघडे पडलेत. ताईंकडे हेडमास्तरांचा नंबर असेलच.